ग्रंथालय, संग्रहालय, दफ्तर: दिव्यांग वाचक-प्रेक्षकांसाठी कर्मचाऱ्यांना एका दिवसात काय शिकवावं?

दाखल_अंक

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी एकाच आवारात तीन गोष्टी आहेत: 'ब' वर्गाचं सार्वजनिक ग्रंथालय, दोन दालनांचं संग्रहालय आणि जुन्या मोडी कागदांची एक खोली, म्हणजे दफ्तर. दिव्यांग आणि ज्येष्ठ वाचकांना नीट सेवा मिळावी म्हणून कर्मचारी प्रशिक्षणाला कार्यकारी मंडळाने एक दिवस दिला आहे. ग्रंथपाल, लिपिक, देवघेवीवरची दोन माणसं, शिपाई, दालनातले सेवक आणि कंत्राटी सुरक्षारक्षक, असे सगळे मिळून पंधराएक जण. इमारत जुनी, दारात तीन पायऱ्या, लिफ्ट नाही.

शहरातून व्याख्याता आणून तीन तास स्लाइड दाखवायच्या, असा एक प्रस्ताव आहे. मला तो पटत नाही. नेमकं काय शिकवावं, कोणी शिकवावं, कोणत्या चुका हमखास होतात? कायद्याची प्रास्ताविकं नकोत, हाताने करून दाखवण्यासारखं सांगा.

---

चष्मिष्ट

वा, उपयोगी धागा. वाचतेय.

---

शिसवी_टेबल

स्लाइडना माझाही विरोध. अशा प्रशिक्षणाला अभिरक्षक आणि ग्रंथपाल जातात, प्रमाणपत्र घेतात, फोटो काढतात. आंधळा वाचक आला की त्याला पहिला भेटतो तो गेटवरचा रक्षक, आणि त्या दिवशी तो गेटवरच असतो, कारण सगळे प्रशिक्षणाला गेलेले असतात! त्यामुळे पहिलं काम म्हणजे त्या दिवशी आवार बंद ठेवा, नाहीतर दोन तुकड्या करा.

दुसरं, विभागणी अपंगत्वाच्या प्रकारांनुसार करू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, शिपायाला ते पाठ करून काय करायचंय? कामाच्या जागेनुसार करा. गेट आणि पायऱ्या, देवघेवीचा काउंटर, मांडण्यांमधली वाट, दालन, दफ्तराची खोली. प्रत्येकाने आपल्या जागेवर उभं राहून शिकायचं. काउंटरवरच्या माणसाला चाकखुर्ची उतारावरून कशी न्यायची हे ऐकून माहीत असलं तरी चालेल, रक्षकाला ते हाताने यायलाच हवं.

---

वाट_दाखवा

सोबत चालण्याची रीत लिहितो. ही अर्ध्या तासात येते आणि सगळ्यांना यायला हवी.

अंध व्यक्तीचा हात धरून ओढायचं नाही, पाठीमागून ढकलायचं नाही, काठीला तर हातच लावायचा नाही. आधी बोलायचं: "नमस्कार, मी इथला कर्मचारी, सोबत येऊ का?" हो म्हटलं की आपल्या हाताची पाठ त्यांच्या हाताला हलकेच लावायची. ते स्वतः आपला कोपराच्या जरा वरचा भाग पकडतात. आपण अर्धं पाऊल पुढे. आपलं अंग वळलं की त्यांना ते कळतं, म्हणून "डावीकडे, उजवीकडे" असा सतत जप करावा लागत नाही.

पायऱ्यांपाशी पूर्ण थांबायचं. "वर तीन पायऱ्या, कठडा उजव्या हाताला." संपल्या की "संपल्या" म्हणायचं. बहुतेकांचं हे शेवटचं राहतं, मग समोरचा माणूस हवेत चौथी पायरी शोधतो. मांडण्यांच्या अरुंद गल्लीत आपला हात पाठीमागे न्यायचा, म्हणजे ते आपोआप आपल्या मागे येतात. खुर्चीपाशी पोहोचल्यावर खांदे दाबून बसवायचं नाही. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवायचा आणि तिचं तोंड कुठे आहे ते सांगायचं.

निघताना "मी जातोय" हे सांगायचं. नाहीतर तो माणूस रिकाम्या जागेशी बोलत बसतो.

---

गावकुसाबाहेर

माफ करा, पण एवढा खटाटोप कोणासाठी? तालुक्याच्या ठिकाणी वर्षात किती अंध वाचक येतात? त्या पैशात पुस्तकं येतील.

---

चष्मिष्ट

@गावकुसाबाहेर, सभासद नोंदवही उघडा आणि वयाचा रकाना पाहा. वृत्तपत्र वाचायला सकाळी येणारे निम्मे लोक साठीच्या पुढचे असतात. मोतीबिंदू, काचबिंदू, गुडघे, कमी ऐकू येणं. प्रमाणपत्र यांच्यापैकी कोणाकडेच नाही, अडचण सगळ्यांना आहे. दिवाळी अंकातल्या त्या मुंगीएवढ्या अक्षरांवर तर वेगळा धागा काढावा लागेल.

यासाठी खर्चही नाही. टेबलावर ठेवून सरकवायचं घुमटाच्या आकाराचं भिंग आणि दांडीचं दिव्याचं भिंग, अशी दोन भिंगं काउंटरवर दोरीने न बांधता ठेवा. खिडकीकडे पाठ होईल असं एक टेबल आणि त्यावर मान वळणारा दिवा. दिवा डोळ्यात नाही, कागदावर पडला पाहिजे आणि लिहिण्याच्या हाताच्या उलट बाजूने आला पाहिजे.

---

गावकुसाबाहेर

वयाच्या रकान्याचा मुद्दा मान्य. बाकीचं वाचतो.

---

कपाटातला_उंदीर

उताराचा विषय निघालाच आहे तर: बऱ्याच ठिकाणी रॅम्पवर स्कूटर लावलेली असते आणि सुलभ स्वच्छतागृहात जुन्या अंकांचे गठ्ठे. या दोन्हीला प्रशिक्षण नको, किल्ली हवी. :)

---

ओळंबा

रॅम्पबद्दल थोडं नीट.

उतार १:१२. म्हणजे जितकी उंची चढायची त्याच्या बारापट लांबी. तुमच्या तीन पायऱ्या प्रत्येकी १५ सेंमीच्या धरल्या तर ४५ सेंमी, म्हणजे रॅम्प ५ मीटर ४० सेंमी लांब. गवंडी "जागा नाही" म्हणून अडीच मीटरात बसवतो आणि मग तो चढ होतो, रॅम्प राहत नाही. कोणीही तपासू शकतं: मोबाइलमधला पातळी दाखवणारा ॲप रॅम्पवर ठेवा, पावणेपाच अंशांच्या आसपास आकडा यायला हवा. आठ-नऊ दिसला तर तो रॅम्प एकट्याने चढण्यासारखा नाही, सोबत माणूस लागणार, हे गेटवर माहीत असायला हवं.

वर आणि खाली दोन्हीकडे दीड मीटर सपाट जागा. वरच्या टोकाला बाहेर उघडणारं दार असेल तर खुर्चीवरच्या माणसाला दार उघडण्यासाठी उतारावर मागे सरकावं लागतं. दार उघडल्यावर मोकळी रुंदी ९० सेंमी. चकचकीत फरशी नको, पावसाळ्यात ती घसरगुंडी होते. कठडे दोन्ही बाजूंना.

चाकखुर्चीबाबत रक्षकांना शिकवायचं ते इतकंच:

विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तीव्र उतारावरून खाली आणताना खुर्ची उलटी, म्हणजे आपण खालच्या बाजूला आणि बसलेल्याची पाठ उताराकडे. सरळ नेली तर माणूस पुढे घसरतो. थांबलं की दोन्ही ब्रेक. खुर्चीतून उतरायच्या आधी पाय ठेवायच्या पट्ट्या वर दुमडायच्या, त्यावर उभं राहिलं की खुर्ची पुढे कलंडते.

पायऱ्यांवरून उचलायची वेळ आलीच, तर हात टेकायच्या दांड्यांना धरायचं नाही. अनेक खुर्च्यांत त्या काढता येण्यासारख्या असतात, उचलताना दांडी हातात येते आणि खुर्ची खाली जाते. चाकांनाही धरायचं नाही, ती फिरतात. मागून ढकलायच्या मुठी (त्या पक्क्या आहेत का ते आधी ओढून बघा) आणि पुढून मुख्य सांगाडा. आकडे मोजायला एकच माणूस. बॅटरीची खुर्ची उचलायचीच नाही, ती फार जड असते.

---

शिसवी_टेबल

@ओळंबा, फार उत्तम. एक भर: उचलून नेणं हा उपाय म्हणून शिकवू नका, नाइलाज म्हणून शिकवा. नाहीतर मंडळ म्हणणार, "आपली मुलं उचलतात की, रॅम्प कशाला?" चार जणांनी उचलून आत नेलेला माणूस पुन्हा यायला बिचकतो.

---

नियमावली

धागाकर्त्यांनी कायदा नको म्हटलंय, तरी दोन गोष्टी कामाच्या आहेत म्हणून सांगते.

पहिली, मंडळाला पटवण्यासाठी. सुलभतेची मानकं ही निव्वळ शिफारस नाही. दिव्यांग हक्क कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांतला नियम १५(१) मानकांना ऐच्छिक करून टाकतो, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तो मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला तीन महिन्यांत सक्तीचे नियम करायला सांगितलं.

दुसरी रोज लागणारी. "पुस्तक स्कॅन करून दिलं तर लेखक-प्रकाशक केस करतील" या भीतीने ग्रंथपाल नाही म्हणतात. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ५२(१)(झेडबी) आलं. दिव्यांग व्यक्तीला नेहमीच्या रूपात पुस्तक वाचता येत नसेल तर तिच्यासाठी ते वाचता येईल अशा रूपात करून देता येतं, परवानगी न घेता. अट अशी की नफा घ्यायचा नाही, फक्त तयार करण्याचा खर्च घेता येतो, आणि ती प्रत बाजारात जाणार नाही याची काळजी घ्यायची. हे करू शकणाऱ्या संस्थांत शासनमान्य ग्रंथालय आणि अभिलेखागार यांचा स्पष्ट उल्लेख आहे. हा परिच्छेद छापून देवघेवीच्या काउंटरमागे चिकटवा. अंध वाचकांसाठी पुस्तकं सुलभ करण्याच्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत, २०१४ साली. आणि आपले काउंटर अजून घाबरतात.

---

ठिपका

पुस्तक "वाचता येईल अशा रूपात" करायचं म्हणजे फक्त स्कॅन नव्हे, यावर बहुतेकांचा घोळ होतो. स्कॅन केलेलं पान म्हणजे चित्र. एनव्हीडीएसारखा पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) त्यावर गप्प बसतो. कर्मचाऱ्यांना दोन चाचण्या शिकवा.

एक: पीडीएफ उघडून एखादा शब्द निवडून बघा. शब्द निवडला गेला नाही तर ते चित्र आहे. दोन: शब्द निवडला गेला तर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी दिसलं तर ठीक. परदेशी चिन्हांची खिचडी दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात) नाही, श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. डोळ्यांना शुद्ध मराठी, पडदावाचकाला कचरा. स्मरणिका, जुने अहवाल आणि बऱ्याच गावांच्या ग्रंथसूच्या अशाच पडून आहेत.

चित्र असेल तर ३०० डीपीआयला करडं स्कॅन, पान सरळ, पुठ्ठ्याकडची सावली कमी. मग ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं. गूगल ड्राइव्हवर फाइल चढवून डॉक्समध्ये उघडली की मराठी बऱ्यापैकी येतं, संगणकावरच करायचं तर टेसरॅक्टमध्ये मराठीची भाषा-फाइल टाकून घ्यायची. तपासताना सगळं वाचायला वेळ नसेल तर नावं, आकडे, पानाच्या डोक्यावरची ओळ आणि तळटीपा बघा. तळटीप वाक्याच्या मध्येच घुसते आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो. दोन स्तंभांच्या मासिकात तर डाव्या-उजव्या ओळी एकमेकींत विणल्या जातात, तिथे स्तंभ वेगळे कापूनच ओसीआर करा.

जुना फॉन्ट असेल तर परिवर्तक मोफत मिळतात. पण त्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, त्यामुळे जोडाक्षरावरची वेलांटी चुकीच्या जागी पडते. शिवाय रफार. हे दोन शोधून दुरुस्त केले की ऐंशी टक्के काम झालं असं समजा.

---

कोहा_कोहा

तालिकेबद्दल, म्हणजे पुस्तकांच्या सूचीबद्दल, कोणीच बोललं नाही. ऑनलाइन तालिका असेल (ई-ग्रंथालय काय, कोहा काय, कोणतंही ग्रंथालय-सॉफ्टवेअर) तर संगणकाचा माऊस काढून ठेवा आणि फक्त टॅब आणि एंटरने एक पुस्तक शोधून राखून दाखवा. जमलं नाही तर अंध वाचकालाही जमणार नाही.

आणि नोंदी करणाऱ्यांना मराठीचे दोन खड्डे दाखवा. "ॲटलस" मधला ॲ एका अक्षराने टाइप होतो आणि "अ" वर चंद्र देऊनही. दिसायला सारखे, संगणकाला वेगळे. तसंच "दुसऱ्या" मधला अर्धा ऱ. एका नोंदीत असा, दुसऱ्या नोंदीत तसा. डोळस माणूस यादी खाली-वर करून पुस्तक शोधतो, ऐकणाऱ्याला मात्र "नोंद सापडली नाही" एवढंच मिळतं. एक रीत ठरवा आणि जुन्या नोंदी शोधून-बदलून घ्या.

---

मोडीवाचक

दफ्तराच्या खोलीबद्दल. मोडी कागदावर ओसीआरचा भरवसा धरू नका. रुमाल (कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं) सोडून कागद स्कॅन केला म्हणजे तो सुलभ झाला, हा समज अभिलेखागारांत फार पसरलाय. अंध संशोधकाला त्याचा शून्य उपयोग. बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिप्यंतर टाइप केलेलं हवं. मोडीला युनिकोड २०१४ साली मिळालं, तरी लिप्यंतर देवनागरीतच ठेवा, वाचून दाखवणारी साधनं तेच वाचतात.

सगळ्याचं लिप्यंतर कोणालाच शक्य नाही. म्हणून आधी रुमालाची यादी युनिकोडमध्ये टाइप करा: रुमाल क्रमांक, कागदाचा प्रकार, गाव, साल, दोन ओळींचा आशय. कोणता कागद हवा हे संशोधकाला स्वतः ठरवता आलं की मागणीपुरतं लिप्यंतर करता येतं. शके आणि सन दोन्ही लिहा, फसली-सुहूर या जुन्या कालगणनांतलं साल असेल तर तेही शब्दांत लिहा, नुसतं संक्षिप्त अक्षर नको.

आणखी एक. मागणी चिठ्ठी हाताने भरायची सक्ती बऱ्याच वाचनकक्षांत असते. हात थरथरणाऱ्या, बोटं नसलेल्या किंवा न दिसणाऱ्या माणसाची चिठ्ठी कर्मचाऱ्याने भरायची, वाचून दाखवायची आणि अंगठा किंवा सही जी असेल ती चालवायची. सहीच्या जागी पुठ्ठ्याची खिडकी कापलेली पट्टी ठेवली की न दिसणारा माणूसही नेमक्या जागी सही करतो. पट्टी काळी हवी, पांढऱ्या कागदावर अंधुक दिसणाऱ्यालाही ती दिसते.

---

दालन_क्र_२

संग्रहालयाच्या बाजूने लिहिते.

सर्वात मोठी ओढाताण उजेडाची. कागद, कापड, रंगीत हस्तलिखितं यांना साधारण ५० लक्सच्या वर उजेड देऊ नये, हा जतनाचा नियम. तेवढ्या उजेडात साठीच्या माणसाला माहितीफलक वाचता येत नाही. मग सेवक मोबाइलचा टॉर्च वस्तूवर मारतो, आणि जतन करणाऱ्याचा जीव खालीवर. तोडगा: अरुंद झोताचा दिवा फक्त फलकावर, वस्तूवर नाही. किंवा मोठ्या अक्षरांची पुस्तिका दाराशी द्यायची आणि उजेडात वाचायला बाकडं ठेवायचं. पुस्तिका किमान १८ पॉइंटची, पिवळट कागदावर काळी अक्षरं, गुळगुळीत चमकणारा कागद नको. लॅमिनेशन तर नकोच, दिव्याची झळाळी सगळी अक्षरं खाऊन टाकते.

काचेवरच अक्षरं चिकटवायची पद्धत हल्ली दिसते. मागची वस्तू आणि पुढची अक्षरं एकमेकांत मिसळतात. टाळा.

फलकाची उंची: खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण १ मीटर १५ ते २० सेंमीवर असतात. फलकाचा मध्य १ मीटर २० ते १ मीटर ४० मध्ये असला तर उभ्या-बसलेल्या दोघांनाही वाचता येतो. सपाट शोकेसमध्ये नाणी ठेवलीत तर बसलेल्याला फक्त काचेची कड दिसते, म्हणून खालून पाचर देऊन तबक त्याच्याकडे कललेलं ठेवा.

---

ठिपका

ब्रेलच्या पाट्यांवर पुष्कळ पैसे वाया जातात म्हणून सांगतो. भिंतीवर छातीच्या उंचीवर उभी ब्रेल पाटी लावली की मनगट उलटं वळवून वाचावं लागतं. पाटी कंबरेच्या जरा वर आणि कललेली हवी. ती कुठे आहे हे कळायलाही हवं, म्हणजे प्रत्येक दालनात त्याच जागी, दाराच्या उजव्या हाताला.

सर्वात जास्त आढळणारी चूक: पाटी उलटी लावलेली. बसवणाऱ्याला ठिपके वाचता येत नाहीत, त्याचा दोष नाही. बनवतानाच वरचा उजवा कोपरा कापून घ्या आणि कर्मचाऱ्यांना एवढंच शिकवा: कापलेला कोपरा वर, उजवीकडे. ब्रेल लिपी शिकवायची गरज नाही. हिंदीच्या साच्यातून मराठी छापून घेतलं तर ळ चा घोळ होतो. ळ म्हणजे ४-५-६ हे तीन ठिपके, एवढं छपाईआधी तपासून घ्या.

आणि मोठेपणी दृष्टी गेलेल्यांपैकी अनेकांना ब्रेल येतच नाही. त्यांच्यासाठी सेवकाने तोंडी वर्णन करणं हीच सेवा.

---

चष्मिष्ट

तोंडी वर्णन म्हणजे नेमकं कसं करायचं?

---

दालन_क्र_२

आधी वस्तू काय, केवढी, कशाची. मग तिचं तोंड कुठे. मग वरून खाली किंवा डावीकडून उजवीकडे, मध्येच उड्या नाहीत. "सुंदर", "भव्य" हे शेवटी, आणि ते गाळलं तरी चालतं. "इथे", "असं", "या बाजूला" हे शब्द बंद. "वितीएवढी पितळी मूर्ती, तोंड तुमच्याकडे, उजवा हात खांद्याच्या उंचीवर, तळवा पुढे" हे झालं वर्णन. सेवकांना चार वस्तू देऊन हे लिहून घ्या, मग दुसऱ्याने ते ऐकून चित्र काढायचं. चित्र चुकलं तर वर्णन कुठे चुकलं ते लगेच दिसतं. प्रशिक्षणात सगळ्यात रंगणारा भाग हाच.

स्पर्शासाठी प्रतिकृती. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ साली 'अनुभव' दालन झालं, त्यात २२ प्रतिकृती हाताळायला ठेवल्या. छोट्या संग्रहालयाला चार पुरेत. शिवराई मोठी करून करा: मूळ नाणं जेमतेम दोन सेंटिमीटरचं, प्रतिकृती दहाची. त्रिमिती छपाईत थरांच्या बारीक रेघा राहतात आणि बोटांना त्या नक्षी वाटतात, म्हणून घासून लेप द्या. आणि "श्री राजा शिव" ही अक्षरं बोटांना लागली तरी जन्मांध व्यक्तीला छापील देवनागरीचे आकार ओळखीचे असतीलच असं नाही, शेजारी ब्रेल ठेवाच.

स्पर्शाने वस्तू दाखवताना माणसाचा पंजा पकडून वस्तूवर घासायचा नाही. आपला हात खाली, त्यांचा वर. नको वाटलं तर त्यांना उचलून घेता येतो.

---

खुणा

बहिऱ्या प्रेक्षकांबद्दल अजून कोणी लिहिलं नाही.

ओरडू नका, ओरडल्याने ओठांचा आकार बिघडतो. खिडकीकडे पाठ करून बोलू नका, चेहरा काळोखात जातो. तोंडावर मास्क, हात, पान नको. एक वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा म्हणण्यापेक्षा शब्द बदलून म्हणा. मोबाइलवर गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब मराठी बोलणं अक्षरांत दाखवतं, काउंटरच्या फोनवर ते उतरवून ठेवा आणि पंखा जरा मंद करा. श्रवणयंत्र वापरणाऱ्यालाही पंख्याच्या घरघरीचा त्रास होतो.

"लिहून दाखवलं की झालं" हेही पूर्ण खरं नाही. लहानपणापासून खुणांच्या भाषेत वाढलेल्यांसाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा आहे. छोटी वाक्यं लिहा, "न केल्यास नाकारण्यात येणार नाही" असली सरकारी वळणं नकोत.

दुभाषी बोलावला तर एक गोष्ट सेवकांना पक्की सांगा: बहिरा माणूस एकाच वेळी वस्तूकडे आणि दुभाष्याकडे बघू शकत नाही. बोला, थांबा, त्यांना वस्तू बघू द्या, त्यांची नजर परत आली की पुढे. दुभाषी वस्तूच्या शेजारी उभा हवा. आणि तासाच्या वर फेरी असेल तर दोन दुभाषी, वीसेक मिनिटांनी पाळी बदलून. मुंबईत वांद्र्याला वाचा-श्रवण दिव्यांगांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, प्रशिक्षित दुभाष्यांसाठी तिथे विचारा.

---

गावकुसाबाहेर

एक सुचवू का? सगळ्या कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून दालनात फिरवा, म्हणजे अंधत्व काय ते कळेल. अनेक ठिकाणी करतात.

---

वाट_दाखवा

सुचवू नका. :) पट्टी बांधलेल्या माणसाला पाच मिनिटांत भीती वाटते आणि तो "बिचारे कसे जगत असतील" हे घेऊन घरी जातो. वर्षानुवर्षं काठीने फिरणाऱ्याचं कौशल्य त्याला त्या पाच मिनिटांत दिसत नाही. दया वाढते, सेवा नाही.

---

शिसवी_टेबल

अंशतः असहमत. सोबत चालण्याच्या सरावात पट्टी उपयोगी पडते, कारण "संपल्या" न म्हणणारा जोडीदार कसा असतो ते पायाला कळतं. पट्टी एका कौशल्यापुरती वापरली तर चालते. "अंधत्वाचा अनुभव" म्हणून विकली की बिघडते.

---

वाट_दाखवा

तेवढ्यापुरतं मान्य. पण शिकवणारी व्यक्ती स्वतः दिव्यांग हवी, आणि तिला मानधन द्या. "प्रेरणादायी मनोगत" म्हणून शाल-नारळावर बोळवण नको. जिल्ह्यातली अंध शाळा, पुण्याची पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन, मुंबईत नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड), यांच्याकडे विचारा.

---

पाट्टोवरून

गोव्यातून. पणजीला पाट्टोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात ब्रेल विभाग आहे. जवळच्या वाचकांनी बघून यावं. बाकी धागा जतन करून ठेवलाय.

---

आईची_बॅग

स्वमग्न मुलांच्या सहलींसाठी एक ओळ: सोमवार ते शुक्रवार सकाळचा एक तास घंटा, माईक आणि चित्रफितींचा आवाज बंद ठेवून शाळांना द्या, आणि गेटपासून स्वच्छतागृहापर्यंतच्या फोटोंची एक पानाची क्रमपत्रिका आधी शिक्षकांना पाठवा. पाळी बदलणार असेल तर रक्षकाचा फोटो त्यात नको, मूल तोच चेहरा शोधत बसतं.

---

दाखल_अंक

सर्वांचे आभार, अपेक्षेपेक्षा खूप मिळालं. दिवसाचा आराखडा असा केलाय, बघा:

१० ते ११ सोबत चालणं, सगळ्यांनी, पायऱ्यांवर. शिकवायला दोन अंध प्रशिक्षक. ११ ते १२ रक्षक आणि शिपाई खुर्चीसोबत आवारात, त्याच वेळी काउंटरवाले पीडीएफच्या चाचण्या आणि माऊस काढून तालिका. जेवणानंतर दालनात वर्णन आणि चित्र. मग बहिऱ्या प्रशिक्षकासोबत दुभाषी ठेवून काउंटरचा सराव. शेवटचा अर्धा तास मंडळाच्या सदस्यांसाठी, त्यात ५२(१)(झेडबी) आणि रॅम्पचं माप.

दोन प्रश्न उरले. कंत्राटी रक्षक अकरा महिन्यांनी बदलतात, मग हे सगळं पुसलं जातं. त्याचं काय? आणि रॅम्प जिथे उतरेल तिथे गटारावर लोखंडी जाळी आहे, खुर्चीची पुढची चाकं तिच्यात अडकतात.

---

शिसवी_टेबल

आराखडा छान, फक्त जेवणानंतर चित्र काढण्याआधी चहा ठेवा. रक्षकांसाठी: पुढच्या करारातच "कामावर रुजू झाल्यापासून पहिल्या आठवड्यात दोन तासांचं प्रशिक्षण" ही अट घाला आणि शिकवायची जबाबदारी शिपायावर द्या, तो कायम आहे. त्याच्याकडे एक पानाची तपासयादी आणि तुमचीच खुर्ची. व्याख्याता परत बोलवायला नको.

---

नियमावली

आणि गेटवर प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मागायचं नाही, हे त्या पानावर पहिल्या ओळीत. तिकिटात सवलत असेल तर खिडकीवर बघा. रॅम्प, खुर्ची, भिंग हे मागेल त्याला.

---

ओळंबा

जाळीचं सोपं आहे. पट्ट्या चालायच्या दिशेला समांतर बसवल्या असतील, म्हणून चाक फटीत शिरतं. जाळी काढून ९० अंशांत फिरवून बसवा, पट्ट्या आडव्या आल्या पाहिजेत, आणि फट १२ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. चौकोनी भोकांची असेल तर फिरवून उपयोग नाही, बदलावी लागेल. वेल्डिंगवाला एका दुपारचं काम आहे म्हणेल. कडा जमिनीच्या पातळीत घ्यायला सांगा, नाहीतर चाक फटीतून सुटेल आणि कडेला अडेल.